बोंडअळीची बातमी ऑक्टोबरात नको, आत्ता छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्या पेपरात आमच्या जिल्ह्याच्या पानावर बातमी आली होती, चार-चार फवारण्या करूनही गुलाबी बोंडअळी आटोक्यात येईना, शेतकरी हवालदिल, आणि खाली कोणाच्या तरी तळहातावर फोडलेलं बोंड आणि त्यात अळी असा फोटो. ती बातमी मी कापून ठेवली होती. तेव्हाच लिहायचं होतं पण वेचणीला बाया मिळत नव्हत्या, सकाळी सातला घर सोडायचं ते अंधार पडल्यावर परत यायचं, राहूनच गेलं. आता संक्रांत झाली, शेवटची वेचणी उरकली, म्हणून बसले. बातमी खोटी नव्हती हो, पण उशिराची होती. अळी बोंडात दिसते ऑक्टोबरात म्हणून आपण सगळे ऑक्टोबरात बोलतो, पण तिचा बंदोबस्त करायचे दिवस आत्ता चालू आहेत, संक्रांतीपासून ते मृग लागेपर्यंत, आणि नेमक्या याच पाच महिन्यांत बोंडअळीवर पेपरात एक ओळ येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात राहते. सात एकर कोरडवाहू जमीन, त्यातली चार-साडेचार एकर कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. पंचवीस वर्षं झाली लग्न होऊन, तेव्हापासून कापूस वेचतेय. त्यामुळे अळी मला पुस्तकातून नाही, बोटांनी माहीत आहे. हिरवं बोंड बाहेरून बघितलं तर एकदम चांगलं दिसतं, टणक, चकचकीत. अंगठ्याने दाबून फोडलं की कळतं. पाकळीच्या आतल्या बाजूला फोडासारखी बारीक गाठ असते, रुई पिवळी पडून चिकटलेली असते आणि सरकीला भोक पाडून आत ही बाई बसलेली. लहान असते तेव्हा पांढरी, डोकं तेवढं काळपट, मोठी झाली की गुलाबी. असं बोंड पूर्ण उमलत नाही, कापूस पाकळीला धरून बसतो, त्याला आम्ही कवडी म्हणतो. जी बाई चांगल्या कापसात दिवसाला पन्नास किलो वेचते तिचा हात कवडीत पंचवीसवर येतो, नखं दुखतात, आणि मजुरी किलोवर असते. म्हणजे अळीचा मार फक्त शेतमालकाला बसत नाही, वेचणाऱ्या बाईच्या मजुरीलाही बसतो, हे कोणी लिहीत नाही.

आता फवारणी करून ती मरत का नाही ते सांगते, कारण चार फवारण्या करूनही असं वाचलं की लोकांना वाटतं औषध हलकं होतं, पुढच्या वेळी भारी घेऊ. पतंग अंडी घालतो पात्यावर (म्हणजे फुलाच्या कळीवर), फुलावर, कोवळ्या बोंडाच्या देठाजवळ. अंडं चार-पाच दिवसांत फुटतं आणि बारीक अळी लगेच बोंडात शिरते. शिरलेलं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. त्यानंतर वरून सोनं शिंपडलं तरी तिला लागणार नाही, ती आत कोंडून सुरक्षित आहे. औषधाचा उपयोग होतो तो पतंग उडत असताना आणि अंडी फुटत असताना, त्या मोजक्या दिवसांत. आपण फवारतो ते कवडी दिसल्यावर.

आणि त्या भारी औषधाने २०१७ साली आमच्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही छापलंच होतं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट, वारा पडलेला, आणि माणसं उघड्या अंगाने, तोंडाला फार तर दुपट्टा बांधून फवारत होती. वीसच्या वर माणसं गेली जिल्ह्यात, शेकडो दवाखान्यात होती. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यातले. संध्याकाळी पंप उतरवून ओट्यावर बसले आणि म्हणाले डोळ्यापुढे धूर धूर दिसते, मग उलटी, मग हातपाय थरथरायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की औषध कोणतं होतं, आणि आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही, कारण दुकानदाराने तीन बाटल्या एकत्र करायला सांगितल्या होत्या आणि वर एक टॉनिकची पुडी दिली होती, बिल तर दिलंच नव्हतं. माझा पुतण्या रात्री टॉर्च घेऊन शेतात गेला, रिकाम्या बाटल्या शोधून घेऊन आला. भासरे वाचले. पण तेव्हापासून त्यांना पंप पाठीवर घ्यायचा म्हटलं की घाम फुटतो, आणि मी जिला भेटते तिला हेच सांगते की बाटली फेकू नको, फवारणारा आजारी पडला तर लेबलसकट बाटली दवाखान्यात घेऊन जा, आणि दोन औषधं आपल्या मनाने एकत्र करू नको.

माझे सासरे सांगायचे, नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीने असाच छळ मांडला होता, फवारून फवारून माणसं कर्जात गेली. मग २००२ मध्ये बीटी आलं, म्हणजे ज्या कपाशीच्या अंगातच अळीला मारणारं विष असतं ते बियाणं, २००६ मध्ये दोन जीन्सवालं बीजी-२ आलं, आणि खरंच काही वर्षं फवारणी कमी झाली, ते नाकारून चालणार नाही. अमेरिकन अळीवर बीटी बऱ्यापैकी टिकलंय. गुलाबी मात्र निसटली. ती कपाशीशिवाय दुसऱ्या पिकावर फारशी जगत नाही, म्हणजे पिढ्यानपिढ्या ती फक्त बीटीच खात राहिली आणि पचवायला शिकली. पहिल्या बीटीला ती दाद देईना हे गुजरातेत २०१० पर्यंत पक्कं झालं होतं, २०१४-१५ ला तिथेच बीजी-२ मध्येही अळ्या सापडायला लागल्या, आणि २०१७ ला विदर्भात तिने सगळ्यांच्या डोळ्यात अंजन घातलं. बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅमची एक छोटी थैली यायची बिनबीटी सरकीची, ती शेताच्या कडेने लावायची. त्या झाडांवर बीटी न पचणाऱ्या साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग आणि पचवणारे पतंग एकमेकांत मिसळावेत आणि पुढची पिल्लं पुन्हा बीटीने मरावीत असा तो हिशेब होता. आमच्या घरात ती थैली कधी लावली नाही. एवढी जागा कशाला घालवायची, असंच वाटायचं. हा हिशेब कोणी समजावून सांगितला असता तर लावली असती असं मला आज वाटतं. आता ते बी पाकिटातच मिसळून येतं, बरं झालं, पण उशीर झाला.

मी आता मुद्द्यावर येते, म्हणजे जानेवारीवर.

थंडी पडली आणि दिवस लहान झाला की या काळात वाढणारी अळी कोषात न जाता झोपी जाते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत स्वतःला गुंडाळून घेते, तशा जोडसरक्या मी वेचताना कितीतरी बघितल्यात. तशी ती महिनोन् महिने राहते, झाडावरच्या किडक्या बोंडात, जमिनीवर पडलेल्या बोंडात, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) ढिगात, जिनिंगमधल्या सरकीत, आणि आमच्यासारख्यांच्या घरातल्या कापसात, जो भाव वाढेल म्हणून आम्ही एप्रिलपर्यंत कोंडून ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री बल्बभोवती बारीक मातकट पतंग फिरतात ना, पावसाळ्यातले नाहीत हे, कोरड्या दिवसातले, ते कुठून येतात हा विचार मी वीस वर्षं केला नाही. ते कापसाच्या गंजीतून येतात.

हे जे पतंग उन्हाळ्यात निघतात त्यांना शिवारात हिरवी कपाशी मिळाली नाही तर ते अंडी घालायच्या आधीच आठ-पंधरा दिवसांत मरून जातात. फुकट मरतात, एक थेंब औषध लागत नाही. पण आपण त्यांना कपाशी देतो. एक तर फरदड ठेवतो, म्हणजे जुनीच कपाशी उभी ठेवून विहिरीचं पाणी सोडून मार्चपर्यंत दोन-तीन क्विंटल जास्तीचा कापूस काढतो, आणि दुसरीकडे काही लोक मे महिन्यातच पुढची लागवड करतात. म्हणजे जुनी कपाशी उपटायच्या आत नवीन उगवते आणि अळीला एक दिवस उपास घडत नाही. म्हणूनच सरकारने काही वर्षं कपाशीचं बियाणं १ जूनच्या आधी विकू दिलं नाही. लोक त्यावर चिडायचे, दुसऱ्या राज्यातून चोरून आणायचे, कारण ही तारीख कशासाठी आहे हे त्यांना कोणी धड सांगितलेलं नव्हतं. तुम्ही तेव्हा बियाणे विक्रीला बंदी, शेतकऱ्यांमध्ये नाराजी असं छापायचात. त्याच्याखाली चार ओळी पतंगाच्या उपासाच्या छापल्या असत्या तर निम्मी नाराजी गेली असती.

आमच्या गावात दोन वर्षं झाली आम्ही हे सगळ्यांनी मिळून करायचं ठरवलं. सगळ्यांनी हा शब्द महत्त्वाचा, कारण पतंगाला माझा धुरा (बांध) आणि शेजारणीचा धुरा कळत नाही. मी एकटीने शेत साफ केलं आणि पलीकडे फरदड उभी असली तर माझी मेहनत पाण्यात. मारुतीच्या पारावर दोन-तीन बैठका झाल्या, वादावादी झाली. एक जण म्हणाले, वहिनी, तुमचं बरोबर हाय पण पोरीचं लग्न हाय चैतात, फरदडीचे पंधरा-वीस हजार कुठून आणू. त्यांना काय उत्तर देणार, माझ्याकडे नव्हतं. त्यांची फरदड त्या वर्षी राहिली, त्यांच्या कडेच्या शेतांत पुढच्या वर्षी डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटून राहिलेली फुलं, जास्त दिसल्या हेही खरं, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तिथे हरभरा घेतला. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी डिसेंबरातच कपाशी मोडून उशिराचा हरभरा किंवा उन्हाळी भुईमूग, तीळ घेतला तर फरदडीचे पैसे भरून निघतात, आमच्याकडे तिघांचे निघाले.

शेवटची वेचणी झाली की आम्ही धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतो. मेंढ्या उरलेली हिरवी बोंडं, पाला सगळं खाऊन टाकतात, वरून खत मिळतं, दोघांचा फायदा. मग पऱ्हाटीचा प्रश्न येतो. बायकांना चुलीसाठी पऱ्हाटी लागते, गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, म्हणून बांधावर, घराच्या मागे ढीग रचायची पद्धत आहे. ते सोडा म्हटलं तर कोणी सोडणार नाही. आम्ही एवढंच केलं की ढिगावर नेण्याआधी बोंडं झोडून काढायची आणि ती जाळायची, बाकी पऱ्हाटी मशीनने बारीक कुटी करून शेतातच गाडायची. मशीन भाड्याने आणली तर एकट्याला परवडत नाही, दहा-बारा जणांनी मिळून आणली की परवडते.

पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर त्यात येऊन अडकतात. ती गोळी वेळेवर बदलावी लागते, नाहीतर सापळा नुसता काठीला टांगलेला राहतो आणि आपण खूश की पतंगच नाहीत. रोज सकाळी मोजायचं. माझी धाकटी शाळेत जायच्या आधी मोजून यायची आणि वहीत लिहायची, आज दोन, आज पाच, आज शून्य. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की समजायचं वेळ आली. सोबत एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची, दोनात अळी दिसली तरी वेळ आली. आणि फुलं बघायची. अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या आतून जाळीने बांधल्यासारख्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, तीच डोमकळी. ती दिसली की तोडायची आणि नष्ट करायची, हे तर पोरंसुद्धा करतात. फुलोऱ्याच्या आधी पाच टक्के निंबोळी अर्क मारतो, म्हणजे पाच किलो निंबोळीचा शंभर लिटर पाण्यात, निंबोळ्या जून-जुलैत आम्ही बायाच गोळा करून वाळवून ठेवतो. काही जणांनी ट्रायकोकार्ड लावली, त्यातल्या बारीक गांधीलमाशा पतंगाच्या अंड्यातच आपली अंडी घालतात. मग कार्ड लावल्यावर आठ दिवस रासायनिक फवारायचं नाही एवढं पथ्य. गेल्या हंगामात मी रासायनिक फवारणी दोनच वेळा केली, आणि पायरेथ्रॉइडवालं औषध सुरुवातीला तर अजिबात नाही, कारण ते लवकर मारलं की ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे आपले मित्र आधी मरतात आणि पांढरी माशी बेसुमार वाढते, मग तिच्यासाठी तिसरी बाटली.

अळी संपली का? नाही संपली. कवडी यंदाही निघाली, पण पहिल्या तीन वेचण्या स्वच्छ निघाल्या, हे मी पंचवीस वर्षांच्या हाताने सांगते. शेजारच्या गावाने असं काही केलं नाही, त्यांच्याकडून पतंग येतातच. आमच्या गावापासून जवळच जिनिंग आहे, तिथली सरकी मेपर्यंत उघडी पडलेली असते, तिथे कोणी सापळे लावत नाही. तेही व्हायला पाहिजे, पण ते गावाच्या हातात नाही. आणि मुळात आपली ही लांब मुदतीची हायब्रीड कपाशी, सहा-सहा महिने उभी राहणारी, तिच्या जागी लवकर येणारे, घनदाट लावता येणारे वाण पाहिजेत, ज्यांची बोंडं अळीची संख्या वाढायच्या आधीच फुटून वेचून होतील. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हे बरीच वर्षं सांगतेय. पण बियाण्याच्या दुकानात गेलं की पुढे ठेवतात ते मोठं बोंड, मोठं झाड, लांब मुदत.

हे होऊ शकतं का म्हणून कोणी विचारलं तर अमेरिकेतल्या अॅरिझोनाचं उदाहरण आहे, माझ्या पुतण्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. या अळीची पहिली शास्त्रीय नोंद झाली तीच आपल्याकडे, गुजरातेतल्या भडोचच्या कापसावरून, १८४३ च्या सुमारास. नंतर ती जगभर गेली. अमेरिकेने २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कापूस पट्ट्यातून ती संपली. त्यांनी बीटी लावलं, कामगंध लावले, विमानातून वांझ पतंग सोडले, हे सगळं आपल्याला जमणार नाही, विमानाचं तर बोलायलाच नको. पण त्यात एक गोष्ट अशी होती की अमुक तारखेच्या आत प्रत्येकाने कपाशी काढून जमीन नांगरलीच पाहिजे, सगळ्यांनी. ते तर आपल्याला जमतं. त्याला पैसा फार लागत नाही, एकी लागते आणि तारीख माहीत असावी लागते.

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडे माझं मागणं आहे आणि ते मनापासून आहे. तुमचा पेपर आमच्या गावात एसटीच्या पहिल्या फेरीने येतो, पानठेल्यावर एक आणि ग्रामपंचायतीत एक, आणि दिवसभरात चाळीस-पन्नास माणसं तो वाचतात. सगळ्यात आधी काय वाचतात तर कापसाचा भाव. त्या भावाच्या चौकटीला लागून अजून एक छोटी चौकट द्या. आत्ता जानेवारीत त्यात लिहा की फरदड मोडा, मेंढ्या बसवा, बोंडं जाळा. मार्चमध्ये लिहा की घरातला कापूस विका आणि सरकी उघडी ठेवू नका. मेमध्ये लिहा की १ जूनच्या आधी लावू नका आणि का लावू नका. आणि ऑगस्टपासून त्या चौकटीत दर आठवड्याला तालुक्याचा सापळ्यातल्या पतंगांचा आकडा छापा. हा आकडा मिळतो, कृषी खात्याची माणसं क्रॉपसॅपमध्ये, म्हणजे खात्याच्या कीड पाहणीच्या योजनेत, दर आठवड्याला गावोगाव निरीक्षणं घेतातच, तो कागदावर राहतो, शेतकऱ्यापर्यंत येतो तेव्हा फवारणीची वेळ निघून गेलेली असते. ज्या दिवशी भावाच्या शेजारी लिहिलं असेल की आपल्या तालुक्यात पतंग आठाच्या वर गेले, त्या दिवशी पानठेल्यावरचा माणूस घरी न जाता आधी शेतात जाईल, याची मला खात्री आहे. तो आकडा नसतो म्हणून तो दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो.

आमच्या गावचा आकडा पाहिजे असेल तर माझ्या मुलीची वही आहे, दोन्ही हंगामांची, जुलैअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, मधे परीक्षेचे आठ दिवस सुटलेत. तुमचा वार्ताहर आला तर दाखवीन. येत्या गुरुवारी यावं म्हणजे पऱ्हाटी कुटायची मशीनही बघायला मिळेल, सकाळी आठपासून आमच्या खालच्या शेतात लागणार आहे, चौदा घरांनी पैसे भरलेत.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी महिला,
जि. यवतमाळ